माशाची शेपटी

भांडं उलटं करून बुडाचा शिक्का पाहिला की मॉर्वेना कुंभाराचं नाव सांगायची. त्यासाठी सगळ्या कॉर्नवॉलमधून लोक तिच्या बंदरावरच्या दुकानात यायचे. त्या दिवशी आयला नावाची एक परगावची तरुणी कप घेऊन आली.

"बाबा म्हणतात, माझ्या बारशाला त्यांनी स्वतः केला. आई म्हणते, थापा मारतो, याला किटली धड धरता येत नाही. एकदाचा निकाल लावा."

मॉर्वेनाने हसतच कप उलटा केला आणि तो खिडकीच्या उजेडात नेला. शिक्का माशाचा होता. शेपटीचं टोक तुटलेलं.

"बाबांनाच आणायचंस की."

"आलेत. वर, गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडीत बसलेत. या गावात पाय ठेवणार नाही म्हणतात."

तो मासा मॉर्वेनाच्या नवऱ्याचा, पेट्रॉकचा. भांडणात तिनेच तो मातीचा शिक्का जमिनीवर आपटला होता आणि शेपटी उडाली होती. उरलेला शिक्का खिशात टाकून तो तसाच होडी घेऊन समुद्रावर गेला. होडी तेवढी परत आली. तुटक्या शेपटीचं भांडं गावात कुणी पाहिलंच नव्हतं. मॉर्वेना तेव्हापासून काळे कपडे घालत होती.

तिने गळ्यातलं लॉकेट उघडलं आणि त्यातला मातीचा बारीक तुकडा आयलाच्या तळहातावर ठेवला.

"आईचं चुकलं गं पोरी, कप त्यांनीच केलाय. आणि हे त्यांना दे. म्हणावं, जायच्या घाईत घरी राहिलं होतं."