पाशा गात नाही

शुक्रवारी सकाळी बूअलामने पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि श्वास रोखून उभा राहिला. आत पाशा होता, लाल तोंडाचा इवलासा पक्षी. त्याने बूअलामकडे पाहिलं, एक दाणा फोडला, टरफल खाली टाकलं. गायला मात्र नाही.

"आज हवा दमट आहे," बूअलाम म्हणाला.

गॅलरीत खुर्ची टाकून अकली कॉफी पीत होता. गल्लीतला न्हावी, बूअलामचा जुना दोस्त. "गेल्या शुक्रवारी कोरडी होती."

"कोरड्या हवेत घसा धरतो."

"अरे, तिच्या तोंडावरचा लाल रंग बघ. डोळ्याच्या अलीकडेच थांबलाय. नराचा मागेपर्यंत जातो. मादी आहे ती. गाणार कशी?"

"तो," बूअलामने दुरुस्त केलं. "लहान आहे अजून, रंग चढेल. आणि परवा गायला की! मी ऐकलं."

"समोरच्यांचा पक्षी गायला तो," आतून त्याची बायको झुलीखा म्हणाली. "हा माझ्या लोकरीचे धागे ओढून कोपऱ्यात गोळा करत होता."

"कलावंत आहे. मऊ गादी लागते त्याला."

दुसरं काही म्हणणं बूअलामला परवडणारं नव्हतं. अख्ख्या बाब अल-वेद मोहल्ल्याला जागं करणारा आपला जुना गवय्या पक्षी त्याने बाजारात देऊन टाकला होता, या पाशाच्या बदल्यात. तेही हे दोघं नको नको म्हणत असताना.

झुलीखा पाण्याची वाटी बदलायला आली. तिने पिंजऱ्यात हात घातला आणि तशीच थांबली. कोपऱ्यातल्या धाग्यांत नखाएवढं, ठिपक्याठिपक्यांचं अंडं होतं.

अकलीच्या मिशा थरथरायला लागल्या होत्या. पण मित्राचा पडलेला चेहरा पाहून त्याने हसू गिळलं आणि कप खाली ठेवला.

बूअलाम वाकला. त्याने अंड्याकडे पाहिलं, पाशाकडे पाहिलं, पुन्हा अंड्याकडे. त्याची कानशिलं तापली. गेलेल्या गवय्याची तान आठवली. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"रात्री कुणाची तरी मादी येऊन गेली याच्याकडे."

झुलीखाने डोक्यावरचा रुमाल तोंडाशी दाबला. "हो का? आणि जाताना बाहेरून कडी लावून गेली?"

बूअलामने कडी नीट निरखून पाहिली.

"चांगल्या घरची असणार," तो म्हणाला.