वॉर्निशचे सात हात

जेवणाचं जुनं टेबल कागद चिकटवून सजवायचं, एवढंच काकूंनी फोनवर सांगितलं होतं. सजावटवाली फुलापानांचे छापील कागद घेऊन आली, तर काकूंनी पिवळ्या पडलेल्या पत्रांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. “ही लाव.”

सजावटवाली हरखली. “अय्या, प्रेमपत्रं! किती सुरेख अक्षर हो काकू तुमचं!”

काकूंनी कात्री पुढे सरकवली. “सह्यांचे तुकडे खिडकीकडच्या बाजूला घे. हे तिथेच बसतात जेवायला.”

एरवी वॉर्निशचे दोन-तीन हात पुरतात. काकूंनी सात द्यायला लावले. “खरवडलं तरी निघता कामा नये.”

चौथ्या दिवशी शेवटचा हात देऊन झाला. खिडकीकडच्या कडेला ‘तुझीच, मनू’, ‘तुझीच, मनू’ असं ओळीने चकाकत होतं. सजावटवालीला राहवेना.

“काका अजून मनूच म्हणतात का हो तुम्हाला?”

“मला?” काकूंनी नवऱ्याची खुर्ची उचलून खिडकीपाशी नीट मांडली. “मला ते ‘अगं’ म्हणतात.”