तिसरी पिन

बंडप्पा वायरमननं टेस्टिंगच्या बल्बची एक वायर बोर्डातल्या फेजला लावली, दुसरी अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग शाबूत होती. त्याच्या जिवात जीव आला आणि लगेच त्याची त्यालाच शरम वाटली.

बेंबळीतल्या या घराची अर्थिंग सहा वर्षांमागं त्यानंच केली होती. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून प्लेट पुरली होती. नऊ दिवसांपूर्वी याच घरातला सिद्धाराम पडवीतल्या कूलरमध्ये पाणी ओतताना शॉक लागून गेला, तेव्हापासून बंडप्पाला अन्न गोड लागत नव्हतं.

"तुझी अर्थिंग बराबर हाय न्हवं?" सिद्धारामचे वडील शरणप्पा खांबाला टेकून बसले होते. "मग माझं लेकरू गेलं कसं? कूलरवाल्याला सोडणार न्हाय म्या."

बंडप्पानं कूलर खोलला. पंपाची वायर उंदरानं कुरतडली होती, उघडी तार पत्र्याला टेकली होती. पण तेवढ्यानं माणूस जायला नको होता. करंट अर्थिंगवाटे जमिनीत जाऊन फ्यूज उडायला हवा होता. वायर चाचपत चाचपत तो प्लगपर्यंत गेला. प्लगची वरची जाड पिन नव्हती. करवतीनं कापलेल्या जागी पितळ चमकत होतं.

त्यानं फ्रिजचा प्लग उपसला. तिथंही तेच.

गुपचूप नवे प्लग बसवावेत आणि निघावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण उद्या घरात दुसरी मशीन येईल, आणि तिचीही पिन कापली जाईल.

"आप्पा, या पिना कुणी कापल्या?"

"म्याच की. मागं दोन भोकाच्या एक्स्टेंशन बोर्डात बसत न्हवत्या. सिद्धू म्हनला, बंडप्पाला बलवू. म्या म्हनलं, एवढ्याशा कामाला कशाला माणूस?" ते थांबले. "का रं?"

बंडप्पा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "अर्थिंग बोर्डापतुर हाय, आप्पा. तिथनं कूलरपतुर ती ह्याच पिनीतनं जाती."

शरणप्पांनी प्लग हातात घेतला. कापलेल्या जागेवरनं अंगठा फिरवला.

"ह्याच?"

"व्हय."

सिद्धारामची बायको राजेश्वरी चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. शरणप्पांच्या हातातला प्लग बघून उंबऱ्यातच थबकली.

"घावली का चूक, दादा?"

"उंदरानं वायर खाल्ली हुती, वहिनी," बंडप्पा घाईनं म्हणाला.

"लपवू नगंस, बंडप्पा," शरणप्पा म्हणाले. त्यांनी प्लग तिच्यापुढं धरला. "ही पिन असती तर सिद्धू असता. म्या कापली, पोरी."

राजेश्वरीनं एक कप बंडप्पापुढं ठेवला. दुसरा तिच्या हातातच राहिला. चहावर साय धरली, तरी ती तशीच उभी होती.