नव्या प्रतीतली झोळी

"ताई, जुनीच सीडी घ्या. नव्या प्रतीत लई जास्त दिसून राह्यलं," अंबडचे दुकानदार तातेराव म्हणाले होते. "मंग, त्यासाठीच तर घ्यायची!" म्हणत आकांक्षा हसली होती.

नवऱ्याच्या लाडक्या भयपटाची त्यातल्या त्यात चांगली प्रत त्याला भेट द्यायची, म्हणून दुपारी बाळाला आत झोळीत निजवून तिने घरी आणलेल्या दोन्ही सीड्या लावून पाहिल्या.

जुन्या प्रतीत पडद्यावरची झोळी रिकामी होती. नव्या प्रतीत तिच्यात बाळ होतं. उजव्या गालावर तीट.

आकांक्षा रोज डाव्या गालाला तीट लावायची. आजच घाईत उजव्या गालाला लागली होती.

पडद्यावरचं बाळ रडू लागलं. तिने घाबरून टीव्ही बंद केला, तसं रडणं तुटलं. आतूनही आवाज नाही.

टीव्ही परत लावावा की आत जावं, तिला कळेना. तुम्हीच जरा डोकावून बघा हो, बाळ झोळीत आहे ना?