चाळणीतलं हाड

साहेबाने चाळणीतून काहीतरी पांढरं चिमट्याने उचललं, उन्हाकडे धरलं आणि कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवलं. बोरीच्या झुडपाआड बसलेली दगूबाई जागची हलली नाही. शेळीसाठी पाला काढायचं निमित्त होतं. पण विळा तसाच मांडीवर पडून होता.

छत्तीस सालचा चैत्र होता. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातला हा सप्रे साहेब म्हसावदला आला आणि तिच्या नवऱ्याच्या, गिरधर पाटलाच्या शेताखालचा नाला उकरत बसला. तिथं काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीची पांढरट माती अडकलेली होती. ती माती साहेब फोडायचा, भिजवायचा, पिठाच्या चाळणीहून बारीक जाळीतून गाळायचा आणि उरलेल्या चुऱ्यावर भिंग घेऊन ओणवा व्हायचा. गावाने आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं, पुरलेलं धन शोधतोय. कुणी म्हणालं, सरकार जमिनी घेणार. भिला सुतार तर छातीठोकपणे सांगायचा, की पुण्याचा माणूस उगाच वाकत नाही.

दगूबाईला धनाचं काही पडलेलं नव्हतं. तिचं लेकरू त्या नाल्याच्या काठी पुरलेलं होतं.

गेल्या पोळ्याच्या तोंडावर ते तापाने गेलं. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. एक दात जरी आला असता, तरी हाडं प्रकाशाच्या घाटावर तापी नदीत गेली असती. मग कुणाच्या चिमट्याची भीती नव्हती. हिरड्या फुगल्या होत्या, लाळ गळत होती. ती रोज बोट फिरवून बघायची. आज येईल, उद्या येईल. आला नाही. पुरुषांनी लेकरू नेलं, खड्ड्यात मीठ घातलं, वर काटे रचले. बायकांनी तिथं जायचं नसतं, म्हणून नेमकी जागा तिला ठाऊक नव्हती. परतीच्या पावसात काटेही वाहून गेले.

गिरधरला तिने विचारलं होतं. ती जागा पलीकडच्या काठाला आहे, म्हणाला. पण बोलताना त्याने बैलांकडे बघितलं, तिच्याकडे नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, हे तिला तेव्हाच वाटलं. साहेब त्यांच्या ओट्यावर चहा प्यायचा, गिरधरला भिंगातून मुंगी दाखवायचा, आणि एवढा मोठा बाप्या खदखदा हसायचा. अशा माणसाच्या शब्दावर काय विसंबायचं?

मग तिने साहेबालाच विचारून बघितलं. बेडकाचं हाड आहे, तो म्हणाला. फार फार जुनं. बेडकाचं हाड कुणी कापसात जपून ठेवतं होय? तान्ह्या लेकरांच्या हाडांवर मंत्र घालणारे लोक तिने ऐकले होते. ते काही दवंडी पिटून फिरत नाहीत. त्या दिवसापासून तिच्या शेळीला बोरीशिवाय दुसरा पाला गोड लागेनासा झाला.

आणि आता साहेब एकाएकी गुडघ्यांवर बसला. तो आपल्याशीच पुटपुटला, की जबडा सापडला, जबड्याचा तुकडा.

जबडा हा शब्द दगूबाईने ऐकला. ती उठली ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. विळा हातातच होता.

"साहेब, दखाडा."

साहेबाने विळा बघितला, मग तिचा चेहरा बघितला. त्याने कापूस पुढे केला. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा होता. एवढासा? पण मीठ हाडाला खाऊन मागे किती ठेवतं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. साहेबाने भिंग तिच्या हातात दिलं. तिने डोळा लावला. पांढरे, टोकदार, एका ओळीत उभे, जोंधळ्याच्या कणसावर दाणे बसावेत तशी.

"दात शेत," ती म्हणाली. दातच होते ते.

साहेबाला तेवढंच पुरलं. तो भडाभडा बोलत सुटला. दाढेवरचे हे उंचवटे बघा, सरड्याला असे नसतात. हा आईचं दूध पिणारा जीव, उंदराएवढा. हे काळे दगड वितळून वाहत होते त्या काळातला. माणसाचा तेव्हा पत्ताही नव्हता.

दगडांचं काहीही तिच्या कानात शिरलं नाही. तिने पुन्हा भिंग लावलं, पुन्हा बघितलं. मग विळा खाली पडला आणि ती मातीच्या ढिगाजवळ मटकन बसली.

"मन्हा पोऱ्याले एक बी दात नव्हता."

साहेबांनी नाल्याच्या काठाकडे बघितलं, गाळलेल्या मातीकडे बघितलं. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली. दगूबाई रडत होती. इतक्या दिवसांचा संशय डोळ्यांतून वाहत होता, आणि तिला मोकळं वाटत होतं. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

"हाऊ बी मायनं दूध पिये?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

तिने कापसाची कड ओढून त्या तुकड्यावर पांघरली.

"मंग त्यानी माय नशीबवान व्हती, साहेब. दात येस्तवर तरी जगी गया तो."