कॉलेजची पारख

पहिल्या कॉलेजात लॅब टेक्निशियनच्या कोर्सची फी ऐकूनच आई परत फिरायला निघाली. तरी लेकीबरोबर ती प्रयोगशाळा बघायला गेली. तिथले मायक्रोस्कोप काचेच्या कपाटात कुलूपबंद होते. "मुलांनी हात लावला की बिघडतात," कारकून म्हणाला. दुसऱ्या कॉलेजची फी निम्मी होती, पण भिंतींचे पोपडे पाहून लेकीचं तोंड उतरलं. आत मात्र प्रत्येक मायक्रोस्कोपवर कुणीतरी वाकलेलं होतं आणि सगळ्यांची बोटं काचपट्ट्या रंगवायच्या रंगानं जांभळी होती. "ताई, रक्ताचा थेंब लावलाय, बघा ना," शिकवणाऱ्या बाई आईला म्हणाल्या. आईनं वीस वर्षं दवाखान्यात रक्ताच्या नळ्या पोचवल्या होत्या, पण आत काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. डोळा लावून बसली ती हलेचना. "आई, मला बघू दे की!" "थांब गं," आई म्हणाली, "तुला आता तीन वर्षं पडलीत बघायला."