मोटारसायकलचा पाना
विमानदुरुस्तीचा कायदा जगभर एकच: एक हत्यार हरवलं, तरी ते सापडेपर्यंत विमान उडवायचं नाही. उन्हाळ्यात इंजिनियर महांतेशचा पाना सापडेना. प्रवासी खोळंबले होते. त्यानं आपल्या मोटारसायकलचा तसाच पाना पेटीतल्या रिकाम्या खाचेत बसवला, ‘हत्यारं पूर्ण’ म्हणून सही केली आणि विमान सोडलं. हरवलेला अजून सापडलेला नाही, त्या विमानातच कुठंतरी अडकला असेल; कबूल करावं तर परवाना जाईल, वर तुरुंग. मारतहळ्ळीतल्या त्याच्या घरावरून विमान गेलं, की त्याची मान वर होत नाही. ओळखीचं कुणी विमानानं निघालं, की शेपटीजवळची, विमान ओळखायची अक्षरं विचारतो. आज बायको रूपश्री मुलीला घेऊन बेळगावला निघाली. विमानातून तिनं फोन केला. “तुमची अक्षरं बघितली ओ. केझेड.” तेच विमान. “नक्की केझेड?” त्यानं विचारलं. “अहो, दार लावतायत. काय झालं?” “काही नाही,” तो म्हणाला. “पट्टे नीट बांधा.”